कुलवृत्तांतात काय लिहायचं? अण्णाकाकांना पत्र

मिनिॲपोलिस,
रविवार

ती. अण्णाकाकांस,
सा. न. वि. वि.

नव्या आवृत्तीचा मजकूर वाचला. पणजोबांच्या धाकट्या भावापुढे नुसतं ‘परागंदा’ लिहून भागवायचं, की पेढीच्या पैशांचं प्रकरणही घालायचं, असं तुम्ही विचारलंत. माझं मत सांगण्याआधी इथल्या एका घराण्याची हकिकत सांगतो.

1927 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कहून एकट्यानं विमान चालवत साडेतेहतीस तासांत पॅरिस गाठणारा चार्ल्स लिंडबर्ग तुम्हाला ठाऊकच आहे. त्याचं लहानपणीचं घर आमच्या मिनेसोटातच, लिटल फॉल्सला मिसिसिपीच्या काठी आहे. आता तिथे संग्रहालय आहे. नातवाची कीर्ती सगळ्यांना पाठ. मला रस वाटला तो त्याच्या आजोबांमध्ये.

हे आजोबा जन्माने लिंडबर्ग नव्हतेच. 1808 साली दक्षिण स्वीडनमधल्या स्कोने प्रांतात शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले ऊला मोन्सोन, म्हणजे मोन्सचा मुलगा ऊला. स्वीडनच्या संसदेत तेव्हा सरदार, पाद्री, शहरवासी आणि शेतकरी अशा चार वर्गांची चार सभागृहं असत. 1847 मध्ये ऊला शेतकऱ्यांतर्फे निवडून गेले आणि चांगले गाजले. गावी बायको इंगार आणि मुलंबाळं. स्टॉकहोममध्ये मात्र हॉटेलात वाढपाचं काम करणाऱ्या लोविसाशी त्यांचे संबंध जुळले आणि जानेवारी 1859 मध्ये तिला मुलगा झाला. त्याच सुमारास बँकेतल्या अफरातफरीचा आरोप आला. राजकीय वैऱ्यांनी डाव साधला असंही म्हणतात. त्याच वर्षी लोविसाला आणि तान्ह्या मुलाला घेऊन ते अमेरिकेला निघाले. इंगार मागेच राहिली.

1850 पासून पुढच्या ऐंशी वर्षांत बारा लाखांहून जास्त स्वीडिश माणसं देश सोडून गेली. बहुतेकांना जमिनीची टंचाई आणि बुडालेली पिकं बाहेर काढत होती. यांचं तसं नव्हतं.

मिनेसोटात उतरल्यावर ऊला झाले ऑगस्ट लिंडबर्ग. ओंडक्यांचं घर बांधून पन्नाशीत नव्याने शेती सुरू केली. संसदेत असताना मिळालेलं सोन्याचं पदक देऊन नांगर घेतला असं घरात सांगत. 1861 मध्ये लाकूड कापायच्या गिरणीत तोल जाऊन ते करवतीवर पडले आणि डावा हात गेला. डॉक्टर यायला काही दिवस लागले. तुटलेला हात पुरण्याआधी त्यांनी मागून घेतला, उजव्या हाताने त्याच्याशी हस्तांदोलन केलं आणि निरोप घेतला, अशीही कथा आहे. थोडी पॉलिश केलेली असेल, पण अशा कथा आपल्याकडेही काय कमी आहेत! पुढे एका हातानेच शेती केली, गावची कामं पाहिली. तान्हं असताना आणलेला तो मुलगा वकील झाला आणि 1907 ते 1917 अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये खासदार होता. वैमानिक चार्ल्स त्याचा मुलगा.

आणि ऐका, वैमानिकाचंही असंच. 1974 मध्ये तो वारला. 2003 साली जर्मनीतल्या तीन भावंडांनी सांगितलं की तो आमचा बाप, आणि डीएनए तपासणीत ते खरं निघालं. अमेरिकेतला संसार चालू असताना त्याचे युरोपात गुपचूप संसार होते. आजोबांनी निदान उघडपणे पळ काढला!

घराणं बुडालं का यामुळे? काही नाही. उलट स्वीडनच्या चर्चमध्ये पाद्री घरोघरच्या नोंदी ठेवत, कोण जन्मलं, कोण गाव सोडून गेलं, म्हणून नाव बदललं तरी माग लागला. आपल्याकडे तसल्या वह्या नाहीत. तुम्ही गाळलंत तर गेलंच ते.

तेव्हा पेढीचं लिहा. आरोप होता तर आरोप म्हणा, सिद्ध झाला असं लिहू नका. मला जास्त खटकलं ते दुसरंच. पणजोबांच्या त्या भावाच्या बायकोपुढे नुसतं ‘पत्नी’ छापलंय. चार पोरं तिने एकटीने वाढवली, तिचं नाव तरी हवं, माहेरच्या गावासकट. कऱ्हाडच्या आत्याला नक्की आठवत असेल. तिला फोनवर नीट ऐकू येत नाही, तेव्हा जाऊनच विचारा, आणि लवकर.

छपाईला किती कमी पडतंय ते कळवा, पाठवतो. काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बाळू