मंगे, घरावर काय घालू?

सातारा,
रविवार

प्रिय मंगल,

गावच्या घराच्या छपराचं परसाकडचं पाखं बसलं. वळवाच्या वाऱ्यात कौलं उडाली हे निमित्त झालं. खरं म्हणजे भिंतीत रोवलेली वाशांची टोकं वाळवीनं आतून पोखरली होती, ती सुटली. आई तेव्हा पुढच्या सोप्यात होती, म्हणून थोडक्यात निभावलं. ती बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे. माझंही ठीक. तुझ्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

हे तुला फोनवर सांगवेना. इथं सातारला कुणालाही सांगावं, तर ऐकून पुरतं व्हायच्या आधीच "मग आता स्लॅब टाकून घ्या" म्हणतात. त्या छपराखाली माझ्याबरोबर वाढलेली तू एकटी. माजघरातलं काचेचं कौल शाबूत आहे, हे आधी सांगते, कारण तू तेच विचारशील. त्यातून पडलेला उन्हाचा तुकडा जात्यापाशी आला की दप्तर उचलायचं, हे आपलं घड्याळ. आणि त्याच्या शेजारचं कौल तुझ्याच दगडानं फुटलं होतं. कैरी पाडताना. तू बोक्याचं नाव पुढं केलंस आणि माझ्या आईनं ते खरं मानलं, कारण तू रडलीस फार छान. मी खरं सांगितलं म्हणून मला बसलेला धपाटा मी अजून विसरलेली नाही.

असो. दादा रातोरात मुंबईहून आला. ताडपत्री त्यानंच बांधली, गड्यासारखा राबला. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला घेऊनच आला. पाच इंची स्लॅब, वर टाकी, आईला कायमची काळजी नाही. मंगे, त्याचं सगळंच चुकीचं नाही. दरवर्षी मृगाच्या आधी कौलं काढून-लावून शाकारणी करायची म्हटलं तर पाख्यावर चढणारं माणूस गावात राहिलं नाही, चढणारे सगळे तुमच्या मुंबईत. वानरांची टोळी येते ती अर्धी रांग फोडून जाते. पावसात गळायला लागलं की आई रात्री उठून पातेली मांडते. हे त्याला बघवत नाही, आणि ते मला कळतं.

पण स्लॅब टाकायचा म्हणजे नुसतं छप्पर बदलायचं नव्हे. पाच इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला 300 किलोच्या आसपास जातं. आपलं मंगलोरी कौल, रिपा-वासे धरून, त्याच्या चौथाईच्या आतबाहेर. हे घर कुणी कसं बांधलंय ते तुला माहीत आहे. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला, दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. आई तेव्हा नवी नवरी. त्यानंतर आजोबांनी दगड कमरेइतकाच ठेवला, वर लाकडी चौकट आणि पातळ विटा घेतल्या, आणि चिपळूणहून कुंभार्ली घाटानं कौलं आणली. अंगावर पडलंच तर हलकं पडावं, एवढा एकच विचार. त्या भिंतींवर स्लॅब बसत नाही. म्हणजे भिंती पाडा, कॉलम उभे करा, पाया नव्यानं खणा. छप्पर गेलं परसाकडचं आणि घर जाणार सगळं. ठेकेदार हे बोलत नाही, शेवटच्या आकड्यात घालतो.

आणि आपल्याकडचा पाऊस! कोयनानगरला वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या वर पडतो. तू पुढच्या वेळी येशील तेव्हा हेळवाकपासून गाडीतून बघत ये. स्लॅबच्या किती घरांवर लोखंडी सांगाडा ठोकून पत्रा चढवलाय! स्लॅब पाझरतो, म्हणून वर पत्रा. दोन छपरं, दोन खर्च. उन्हाळ्यात तोच स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री घरात सोडतो, मग माणसं अंगणात झोपतात. आई या वयात बाहेर झोपणार का?

दादाला मी सिमेंटचंही सांगितलं. भाची कराडला इंजिनिअरिंगला आहे, तिनं मला नीट समजावलं. सिमेंटसाठी चुनखडी भाजतात, तेव्हा भट्टीचा धूर वेगळाच, पण त्या दगडातूनच वायू निघतो. एक किलो चुनखडीतून 440 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. तो दगडाच्या पोटात होता, आपण मोकळा केला. जगात माणसांच्या कामांतून निघणाऱ्या या वायूपैकी 7 ते 8 टक्के एकट्या सिमेंटचा. दादा म्हणाला, "आपल्या एका घरानं काय होणार?" मी म्हटलं, वाळू कुठली येणार ते सांग. नदीची नाही तर क्रशरची, म्हणजे कुठला तरी डोंगर फोडलेली. समोरचा डोंगर फोडायला निघाले तेव्हा तूच ग्रामसभेत उभा राहिला होतास ना? त्यावर तो गप्प झाला. रागानं नाही. विचारात पडला, असं मला वाटलं. त्याच्या गप्प होण्यातला फरक तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो.

मग पत्रा. सुतारमामांचा कल तिकडे. हलका, लवकर होतो, वानरं फोडत नाहीत, पुढं मोडीत घातला तर वितळवून पुन्हा वापरता येतो, हे सगळं मान्य. हल्ली चांगल्या पत्र्यावर जस्त आणि ॲल्युमिनियमचा मिळून लेप असतो, 55 टक्के ॲल्युमिनियम, त्यामुळे तो बराच काळ गंजत नाही. पण आषाढात त्याखाली बसून बघ. आईला मी हाक मारली तर ऐकू येणार नाही, आणि ती पडली-झडली तर तिची हाक शेजारी पोचणार नाही. मला पहिल्यांदा हेच डोळ्यांसमोर आलं. वैशाखात तो तापतो ते निराळंच.

गोठ्यावरचे ते करडे सिमेंटचे पत्रे आठवतात? मामा म्हणत होते, तेच कापून न्हाणीवर घालू, फुकटात काम होईल. मी हात जोडून थांबवलं. त्यात ॲस्बेस्टॉस आहे. पत्रा अखंड असतो तोवर ठीक, कापला किंवा भोक पाडलं की बारीक तंतू हवेत जातात, फुप्फुसात बसतात आणि कित्येक वर्षांनी कॅन्सर म्हणून बाहेर येतात. आपल्या देशात त्याच्या खाणींना नवे परवाने देणं 1986 मध्येच थांबवलं, पण बाहेरून आणलेल्या ॲस्बेस्टॉसचे पत्रे अजून विकतात. ते काढायचेच तर पाणी मारून, न फोडता, अख्खेच्या अख्खे उतरवायचे. मामांना मास्क दिला तर त्यांनी तो हनुवटीवर लावून तंबाखू मळली. तुझ्या भावाची आठवण आली बघ.

भाचीनं आणखी एक मार्ग काढला होता, फिलर स्लॅब. केरळात लॉरी बेकर यांनी तो रुळवला. स्लॅबच्या खालच्या अंगाचं काँक्रीट तसं रिकामंच बसलेलं असतं, ताण सगळा सळई घेते, म्हणून सळयांच्या मधल्या जागेत जुनी कौलं घालायची. काँक्रीट वाचतं, खालून दिसायला सुंदर. मन फार गेलं माझं. पण भिंतींचा प्रश्न तिथंही सुटत नाही. मागं नवी न्हाणी बांधायची झाली तर तिच्यावर तो नक्की घालीन.

तर मी कौलच धरून बसलेय. मंगलोरी कौलसुद्धा धुतल्या तांदळासारखं नाही बरं. 1865 साली मंगळुरात बासेल मिशनच्या लोकांनी पहिला कारखाना काढला, तेव्हापासून त्या भट्ट्यांनी लाकूड किती खाल्लं असेल! नवीन कौल घेतलं की पुन्हा भट्टी आली. म्हणून मला जुनंच हवंय, एकदा भाजून झालेलं. आपल्या खाली पडलेल्यांतली निम्म्याहून अधिक धड आहेत. मी ती पालथी घालून बोटानं वाजवून बघितली. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर तडा. आजोबांची रीत.

वासे ऐनाचे आणि किंजळीचे आहेत, कुजलेली टोकं कापून पुढं जोड देता येतो. भिंतीच्या डोक्यावरून चारी बाजूंनी सलग काँक्रीटची एक पट्टी फिरवायची, म्हणजे भूकंपात भिंती एकमेकींना धरून हलतील. एवढं सिमेंट मला मंजूर आहे. वासे त्या पट्टीला बोल्टनं आवळायचे, लाकूड भिंतीत रोवायचं नाही, मग वाळवीला लपून पोखरणं अवघड जातं. कौलांखाली बुरुडाकडून विणलेले बांबूचे तट्टे, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून घेतलेले, नाहीतर भुंगा पीठ पाडतो. कौलाच्या मागं तार ओवायला कान असतो, तो आपल्याकडे कुणी वापरतच नाही. वळचणीच्या आणि कडेच्या रांगा तारेनं बांधल्या की वारा उचलत नाही आणि वानरांनाही जड जातं. शाकारणीचं काम यानं पुष्कळ कमी होईल. पूर्ण जाणार नाही, आणि दादाला मी तसं खोटं सांगणारही नाही. गावातल्या दोन पोरांना मामांच्या हाताखाली घालून शिकवायचं माझ्या मनात आहे, पैसे मी देईन.

आई काय म्हणते विचारशील. "तुमचं तुम्ही ठरवा," म्हणते, आणि सकाळी उठून पडलेली कौलं पडवीत रचून ठेवते.

तुझ्या सुनेचं बाळंतपण कधी? अभिनंदन आधीच करून ठेवते. नव्या नोकरीचंही, म्हणजे धाकट्याच्या. पेढे मी पाठवीन, कंदी, मोती चौकातलेच.

आता तुझ्यावर दोन कामं. दादाला फोन कर. माझ्याशी तो भांडतो, तुला त्यानं आजवर नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि यावर तू चिडू नकोस. त्याला भिंतींचं आणि दोन छपरांचं सांग, कर्बवायूचं मी बघते. दुसरं, तुमच्या परळच्या बाजूला जुन्या चाळी उतरवतात, तिथलं कौल भंगारात जातं. मला चारेकशे लागतील. पाटणचे टेम्पो भाजी टाकून रिकामे परततात, त्यातून येतील. फक्त एक बघ, वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत. नमुन्याचं एक कौल गुरुवारी येणाऱ्या भाचीबरोबर पाठवते, त्याला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

तुझी,
शालन