गस्त आपापल्या पाण्यातच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शेजारी नौदलांनी ‘संयुक्त गस्त’ घालावी, ही मागणी सागरी सुरक्षेच्या चर्चेत हटकून येते. मलेशिया, इंडोनेशिया आणि सिंगापूर यांच्यामधल्या मलाक्का आणि सिंगापूर सामुद्रधुनीचा अनुभव मात्र वेगळे सांगतो.

सिंगापूरचा व्यापार त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे तिप्पट आहे. जहाजे अडली तर देश अडतो. तरीही त्याची गस्तनौका पळणाऱ्या दरोडेखोरांमागे इंडोनेशियाच्या पाण्यात शिरू शकत नाही. समुद्रकायद्याच्या कलम १११ नुसार दुसऱ्या देशाचा प्रादेशिक समुद्र लागला की पाठलागाचा हक्क संपतो. या प्रादेशिक समुद्रात, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत, झालेला हल्ला कायद्याने चाचेगिरीही ठरत नाही. तो सशस्त्र दरोडा, आणि त्याचा बंदोबस्त किनारी देशानेच करायचा.

२००४ च्या वसंतात अमेरिकेने या भागासाठी सुरक्षा उपक्रम मांडला, तेव्हा मलेशिया आणि इंडोनेशिया बिथरले ते सार्वभौमत्वाच्या याच मुद्द्यावर. जुलैमध्ये या दोघांनी सिंगापूरसह जी गस्त सुरू केली, ती म्हणूनच संयुक्त नव्हे, समन्वित होती: प्रत्येकाने आपल्या हद्दीत फिरायचे, संशयित बोट पलीकडे निघाली की शेजाऱ्याला कळवायचे. २००५ मध्ये हवाई टेहळणीची जोड मिळाली. विमानाला शेजारी किनाऱ्यापासून ३ मैलांपर्यंत जाण्याची मुभा होती, कारण आत सहभागी देशांचे अधिकारी एकत्र बसत. ही युक्ती मला सर्वांत मोलाची वाटते.

घाईमागे पैशाचेही कारण होते. जून २००५ मध्ये लंडनच्या विमा बाजाराच्या समितीने मलाक्काला युद्धजोखमीच्या यादीत टाकले आणि जहाजांच्या विम्याचा खर्च वाढण्याची टांगती तलवार आली. ऑगस्ट २००६ मध्ये नाव निघाले.

उलट उदाहरण त्याच वर्षीचे. चाचेगिरीविरोधी आशियाई करार अमलात आला, त्याचे माहिती केंद्र सिंगापुरात उघडले, पण सामुद्रधुनीचे दोन मोठे किनारे ज्यांचे, ते मलेशिया आणि इंडोनेशिया त्यात आले नाहीत. माहिती जमली तरी कारवाईसाठी त्यांच्याकडेच पाहावे लागले.

२००९ पासून सिंगापूर नौदलाच्या चांगी येथील वेगळ्या माहिती केंद्रात वेगवेगळ्या देशांचे संपर्क अधिकारी शेजारी-शेजारी बसतात. तिथेही कप्तानाने उशिरा कळवले तर उपयोग शून्य. चोर बहुधा रात्री, संथ आणि पाण्यापासून कमी उंचीच्या जहाजावर चढतात, इंजिनाचे सुटे भाग घेऊन थोड्या वेळात निघून जातात. चौकशीत जहाज अडकेल या भीतीने पुढच्या बंदरात पोचल्यावर तक्रार झाली, तर पलीकडच्या तटरक्षकांनी शोधायचे कुणाला? भागीदारीची बोलणी करणाऱ्यांनी आधी तीन गोष्टी ठरवाव्यात: चोवीस तास उचलला जाणारा दूरध्वनी, खबरीचा एकच नमुना आणि बोट नेमकी कुठे शेजाऱ्याच्या ताब्यात सोपवायची ती रेषा. नौदल सराव त्यानंतर, आणि त्यातही याच सोपवणीची तालीम हवी.

– एक वाचक