बॅगेतली तीन पाकिटं

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तुझी बॅग धुवायला काढली, तर आतल्या कप्प्यात डोकेदुखीच्या गोळ्यांची तीन पाकिटं निघाली. दोन रिकामी, तिसऱ्यात एकच गोळी. मी रागावले नाहीये गं, घाबरले आहे. अशीच पाकिटं माझ्या उशाखाली असायची.

माझी कंबर आठवते ना? पाच दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी मी चार वर्षं घेत राहिले. पुढे पुढे चिठ्ठीसुद्धा कुणी मागेना. किडनीने एका शब्दाने तक्रार केली नाही. कुठे दुखलं नाही, लघवी नेहमीसारखी. दुसऱ्याच कारणाने रक्त तपासलं आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, वाढून १.९ आलं. डॉक्टर म्हणाले, हा आकडा वाढेपर्यंत कधी कधी किडनीचं निम्मं काम गेलेलं असतं. तो रिपोर्ट मी दोन दिवस पर्समध्येच ठेवला, बाबांनाही दाखवला नाही.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या दुखण्यावरच्या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होऊ देत नाहीत, म्हणून दुखणं थांबतं. पण किडनीत रक्त नेणारी बारीक वाहिनी मोकळी ठेवायला तेच लागतं, विशेषतः अंगात पाणी कमी असताना. ताप, जुलाब, दिवसभर पाणी नाही, आणि वर ही गोळी. किडनीचा रक्तपुरवठाच आटतो. बाबांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांबरोबर तर धोका आणखी वाढतो, म्हणून त्यांना मी या गोळ्यांना हात लावू देत नाही. आणि तुझी पाण्याची बाटली रोज भरलेली तशीच घरी येते, हे मी बघते.

गोळ्या सोडल्यावर माझं क्रिएटिनिन १.५ पर्यंत उतरलं. त्याखाली आलंच नाही.

पॅरासिटॅमॉल किडनीला त्या मानाने सौम्य, पण जास्त झालं तर लिव्हरला इजा करतं, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत तेच असतं. नाव वेगळं, औषध एकच. शिवाय सारख्या गोळ्या घेतल्याने डोकेदुखी उलट वाढते. तुझं तेच तर होत नाहीये ना?

शनिवारी सकाळची डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी बरोबर येते. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन, दोन्ही बघून घेऊ. ती उरलेली गोळी फेकलेली नाही. पाकिटावरचं नाव त्यांना दाखवायचं आहे.

तुझी,
आई