ऑपरेटर काकांना, मनापासून

ती. काकांना सा. न.

कॉलेजातल्या एका अनोळखी पोरीला तुम्ही केबिनमध्ये उभं राहू दिलंत आणि प्रोजेक्टरशेजारच्या झरोक्यातून बघायला शिकवलंत. त्याचे आभार तोंडी मानायचे राहूनच गेले, म्हणून हे जाहीर पत्र.

तोवर विनोदी चित्रपट म्हणजे हसायचं आणि घरी जायचं, एवढंच मला माहीत. 'अशी ही बनवाबनवी' पुन्हा लागला तेव्हा तुम्ही म्हणालात, "पडद्याकडं नको, पब्लिककडं बघ." अख्खं थिएटर हसत होतं, तरी अशोक सराफांचं पुढचं वाक्य त्यात बुडत नव्हतं. शूटिंगला समोर प्रेक्षक नसतो. किती थांबायचं हे रंगभूमीवर मुरलेल्या नटाला आतून कळतं. हे मला तुमच्यामुळं दिसलं.

चरित्रपटासाठी तुमची कसोटी एकच: माणसाचे हात बघायचे. ते त्याच्या कामात सराईत वाटले पाहिजेत. जन्मभर रिळं जोडणाऱ्यालाच हे सुचावं! 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) तुम्हाला भावला, कारण फाळके त्यात सतत काहीतरी खटपट करताना दिसतात. मलाही तो आपल्या चरित्रपटांत सगळ्यात उजवा वाटतो. नायकाचा पुतळा उभारायला निघालेले चित्रपट मला अजून सोसत नाहीत.

आणि कोल्हापुरातल्या खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापाशी तुमचा तो ठरलेला प्रश्न: "आपल्या बाबूराव पेंटरांवर कधी काढणार?" बाबूरावांचे भाऊ आनंदराव १९१६ साली गेले. स्वतः सिनेमाचा कॅमेरा बनवायचं दोघा भावांचं स्वप्न बाबूरावांनी आपले सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये पुरं केलं. काका, हा तर हातांचाच चित्रपट आहे. कुणीतरी काढायलाच हवा.

विज्ञानपट मला अवघड वाटायचे. तुम्ही सोपं करून दिलंत: "खोटं चालतंय की, पण एकदा घातलेला नियम मोडायचा न्हाई." 'इंटरस्टेलर'मध्ये पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. नायक यानात परततो तेव्हा तेवीस वर्षं उलटलेली असतात आणि मुलांचे साठलेले निरोप बघत तो रडतो. नियम पाळला म्हणून ते रडणं खरं वाटतं. शेवटी कृष्णविवरात मात्र नियम मोडला, असं तुम्ही म्हणता. मला अजून पटलेलं नाही. रविवारी येते, वाद पुरा करू.

तुमची,
केबिनमधली पोरगी