जिन्यातून वर आलेल्या दादांचे आभार

मे महिन्यातली गोष्ट. ऑपरेशननंतर बाबांना घरी आणलं आणि दुसऱ्याच दुपारी एसीतून नुसता वारा यायला लागला, गारवा नाही. टाक्यांवरची पट्टी घामाने भिजत होती. फोन करून बोलावलेला माणूस पाच मिनिटांत "कंप्रेसर गेला, नवीनच घ्या" म्हणून निघून गेला.

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या इमारतीत खाली कुणाचा तरी फ्रीज दुरुस्त करायला एक दादा आले होते. आईला जिन्यात डोळे पुसताना पाहिलं आणि ते आपणहून वर आले. बोली कन्नड, पण बाबांशी मोडक्यातोडक्या मराठीतच बोलले. बाहेरच्या युनिटचा पंखा फिरत होता. कंप्रेसर मात्र नुसता घुमायचा आणि बंद पडायचा. त्यांनी मेन स्विच पाडला, कंप्रेसरला सुरू व्हायला जोर देणाऱ्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज आधी उतरवली, मग मीटर लावला. वर छापलेली क्षमता ३५ मायक्रोफॅरड, मीटरवर जेमतेम १९. म्हणजे कमजोर झाला होता तो कपॅसिटर.

भर उन्हात खडेबाजारला जाऊन नवा कपॅसिटर त्यांनीच आणला. कंप्रेसर सुरू झाला. मग धुळीने भरलेल्या जाळ्या स्वतः नळाखाली धुतल्या, दर पंधरा दिवसांनी धुवायला सांगितलं. सगळ्यात लक्षात राहिलं ते वेगळंच: गार झोत थेट बाबांच्या अंगावर येतोय हे बघून त्यांनी झडपा वर वळवल्या आणि "काका, आता बरं वाटतंय की?" असं विचारूनच हत्यारं आवरली.

पैसे फक्त कपॅसिटरचे घेतले. नाव विचारायचं राहूनच गेलं. दादा, बाबा त्या दुपारी चार तास शांत झोपले. मनापासून आभार.