आमच्या कापसाला मीटर लावता, मग फिल्टरच्या डब्याला का नाही?

मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री, नवी दिल्ली यांना खुले पत्र

साहेब, नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत फिटर आहे, घरी चार एकर कोरडवाहू पण आहे, म्हणजे कापूस पिकवणं आणि कापसाची धूळ खाणं दोन्ही आमच्याकडेच. पत्र तुम्हालाच का, तर बीआयएस म्हणजे आयएसआय मार्कवालं खातं तुमच्या मंत्रालयात येतं आणि माझा विषय एअर फिल्टरच्या टेस्टिंगचा आहे. बोअर वाटेल पण वाचा.

आमच्या सुताच्या टेस्टिंग लॅबमधे एएचयूला, म्हणजे हवा गाळून आत सोडणाऱ्या मशीनला, बॅग फिल्टर लागतात. मागं एक खेप आली तर डब्यावरचं नावच बदललेलं. आधी एफ ७ असायचं आणि कागदावर ८५ टक्के, नव्यावर ईपीएम १, ५५ टक्के. मॅनेजर साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं, "काय रे, पंच्याऐंशीचे पंचावन झाले अन् तू सही करून माल उतरवून घेतला?" मी गप. मग चार दिवस मोबाईलवर वाचत बसलो, सप्लायरच्या पोराचं फोन करकरून डोकं खाल्लं, तेव्हा समजलं की फिल्टर तोच आहे, मोजमाप बदललं.

जुनं मोजमाप युरोपचं, ईएन ७७९. त्यात ०.४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) या एकाच मापाचे कण धरायचे आणि फिल्टरमधे धूळ भरत भरत जाऊन जी सरासरी येईल ती छापायचे. आता फिल्टर चोंदत गेला की तो जास्तच पकडतो, चहाच्या गाळणीत चोथा साचला की बारीक पत्तीही अडकते तसं, म्हणून सरासरी फुगून यायची. २०१६ च्या शेवटी आयएसओ १६८९० हे जगभराचं नवं मोजमाप आलं आणि २०१८ मधे युरोपनं जुनं बंद केलं. नव्यात ०.३ पासून १० मायक्रॉनपर्यंतचे कण सोडतात आणि फिल्टर पीएम १, पीएम २.५, पीएम १० (म्हणजे १, २.५ आणि १० मायक्रॉनपर्यंतची धूळ) यातलं काय किती अडवतो ते वेगवेगळं सांगतात, डब्यावरचं ईपीएम १ ते हेच, कशातच ५० टक्के जमलं नाही तर सरळ कोर्स म्हणजे जाडाभरडा म्हणून टाकतात.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. हे फिल्टर बहुतेक सिंथेटिक धाग्याचे, त्यावर करंट म्हणजे स्थिर विजेचा चार्ज बसवलेला असतो, थंडीच्या दिवसात टेरिकॉटच्या पँटीला रुई चिकटते ना, तोच खेळ. नवा असतो तोवर झकास पकडतो, काही महिन्यात तो चार्ज उतरतो आणि मग धुळीला रस्ता मोकळा. नव्या टेस्टमधे अख्खा फिल्टर एक दिवस आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाफेत ठेवतात (कोरोनात हाताला चोळायचो तेच), चार्ज पूर्ण उतरवतात आणि पुन्हा मोजतात. पीएम १ किंवा २.५ चं नाव लावायचं तर चार्ज गेल्यावरसुद्धा ५० टक्के पाहिजे. जुन्यात २०१२ पासून किमान आकडा होता, एफ ७ ला फक्त ३५.

आता साहेब, हे मॅनेजरला समजावलं कसं सांगू? कापसाच्या ओलाव्यानं. सीसीआय म्हणजे सरकारी कापूस खरेदी महामंडळाच्या सेंटरवर गाडी लागली की ग्रेडर ओलावा मोजायचं मीटर खुपसतो, ८ टक्क्यापर्यंत पूर्ण भाव, तिथून १२ पर्यंत कपात, १२ च्या वर गेला की गाडी वापस. कोणी म्हणत नाही की बावा घरून निघताना वाळलेला होता. जुनी टेस्ट म्हणजे ओला कापूस काट्यावर टाकणं, नवी म्हणजे वाळवून तोलणं, वजन कमी दिसणारच. ते लगेच समजले, जिनिंगवाल्या घरातले आहेत.

सूतगिरणीला निदान कागद तरी मिळतो. घरी काय? माझ्या मायनं वीस वर्षं जिनिंगमधे कवडी म्हणजे खराब कापूस वेचला, आता दिवाळीनंतर तिचा खोकला सुरू झाला की फाल्गुनापर्यंत थांबत नाही. तिच्यासाठी ऑनलाईन एअर प्युरिफायर घेतला, कंपनीचं नाव घेत नाही, डब्यावर मोठ्या अक्षरात "हेपा टाईप" (हेपा म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा फिल्टर) आणि ९९ टक्के. कशाचे ९९, कोणत्या मापाच्या कणाचे, चार्ज उतरल्यावर किती, काहीच नाही. खऱ्या हेपाला ग्रेड असतो, एच १३ म्हणजे जो कण पकडायला सगळ्यात अवघड त्याचेच ९९.९५ टक्के. "टाईप" हा कोणता ग्रेड? माय म्हणते, "हे डबडं निरा भणभण करते, हवा तं थेच हाय." दोन महिन्यात तिनं त्यावर लोणच्याची बरणी ठेवली.

आणि एक गोष्ट वाचून तर हसावं की रडावं कळेना. जुन्या टेस्टमधे फिल्टर भरायला जी धूळ वापरायचे त्यात ७२ टक्के ॲरिझोनाची माती, २३ टक्के काजळी आणि ५ टक्के कापसाचे बारीक तंतू होते. म्हणजे कापूस होता! नव्यात तो काढला, नुसती बारीक माती ठेवली. शिवाय पीएम १ आणि २.५ चा हिशोब शहरी हवेच्या कोष्टकावर आणि पीएम १० चा ग्रामीण हवेच्या. म्हणजे खेड्यात फक्त जाडी धूळ उडते असं धरलंय. आमच्याकडं चुलीत पऱ्हाटी म्हणजे कापसाची वाळलेली झाडं जळतात, हंगाम संपला की उरलेली धुऱ्यावर पेटवतात, तिकडं चंद्रपूर-कोराडीच्या वीज केंद्रांची धुराडी वेगळी. तो धूर बारीकच असतो ना? आणि कापसाच्या धुळीचा जो छातीचा आजार आहे, बिसिनोसिस, तो १९४८ च्या कारखाना कायद्यातच नोंदवायच्या रोगांच्या यादीत होता, म्हणजे सरकारला माहीत नाही असं पण नाही.

आयएसओवाले आमच्यासाठी पुन्हा कापूस घालणार नाहीत, ते कळतं मला. पण भारतात विकणाऱ्या डब्यावर काय छापायचं हे तर तुमच्या हातात आहे. घरचा असो की कारखान्याचा, प्रत्येक फिल्टरवर नवा असतानाचा आकडा आणि चार्ज उतरल्यावरचा आकडा, दोन्ही शेजारी शेजारी, सारख्याच मोठ्या अक्षरात आणि मराठीत पण. ग्रेड नसेल तर हेपा शब्द वापरायला बंदी. हेल्मेटला आयएसआय सक्तीचं करता आलं, हे पण येईल. आणि जिनिंग-सूतगिरणीला विकायच्या फिल्टरची कापसाच्या धुळीवर वेगळी टेस्ट बीआयएसनं करून घ्यावी, कापूस कमी पडला तर आम्ही देतो, ८ टक्क्याच्या आतला.

उत्तर पाठवलं तर मराठीत पाठवा, मॅनेजर साहेबांना वाचून दाखवायचं आहे.

आपला,
सूतगिरणीतला एक फिटर, जि. वर्धा