आठवण : आवडतं एक, नावडतं एक

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ८ वाजता कमला नेहरू पार्कात जमायचं आहे. गेल्या वर्षी वाचलेलं सगळ्यात आवडलेलं आणि अजिबात न आवडलेलं, अशी दोन पुस्तकं प्रत्येकाने आणायची.

वर्ष वाचनाचं धरा, प्रकाशनाचं नव्हे. १९६३ सालची ‘कोसला’ तुम्ही गेल्या जूनमध्ये पहिल्यांदा हातात घेतली असेल, तर तीही चालेल.

नावडत्याबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो. मागच्या खेपेला आवडत्यावर सगळे भरभरून बोलले आणि नावडत्याची पाळी आल्यावर ‘तसं बरंच होतं’ म्हणून सुटले. एकाने तर चक्क पाककृतींचं पुस्तक आणलं. यंदा ही पळवाट बंद. कंटाळा नेमका कुठे आला, भाषांतर खडबडीत होतं की मूळ गोष्टच फसली, ते सांगा. अर्ध्यात सोडलेलं पुस्तकही आणा, फक्त सोडलं हे कबूल करा. लेखकाच्या स्वभावावर घसरायचं नाही. (मी भेट मिळालेलं पुस्तक आणतोय. देणारे याच गटात आहेत. बघू काय होतं.)

प्रत्येकी ५ मिनिटं, घड्याळ लावून. नावडतं पुस्तक दुसऱ्या कुणाला हवं असेल तर तिथेच देऊन टाका. मागच्या वर्षी नेलेली पुस्तकं ज्यांच्याकडे अजून आहेत, त्यांनी ती आणावीत. नावं घेत नाही.

सकाळी गारठा असतो, स्वेटर घाला. नंतरचा चहा ज्याचा त्याने. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.